जुन्या मोटारीत मोठा अल्टरनेटर बसवण्यापूर्वी

पावसाळी संध्याकाळी रहदारीत अडकलेल्या जुन्या मोटारीचे हेडलाइट हळूहळू पिवळे पडू लागतात, वायपर काचेवर अडखळत सरकतात, इंडिकेटरची टिकटिक मंदावते, आणि ॲक्सिलरेटरवर जरासा पाय दिला की सगळे पुन्हा उजळते. जुन्या गाड्या हौसेने चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अनेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि मग ठरलेला सल्ला कानावर येतो: मोठा अल्टरनेटर टाका. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणारे यंत्र. हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तो अर्धाच असतो. अल्टरनेटर बदलला की त्याला जोडलेली वायर, बेल्ट, पुली, अँमीटर (प्रवाह दाखवणारे मीटर) आणि इंजिनाची अर्थिंग (वीज परत नेणारी जोडणी) या सगळ्यांवरचा भार बदलतो. आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे सगळे भाग आजच्या निम्म्याहूनही कमी प्रवाहाच्या हिशेबाने बसवलेले असतात.

मिळकत, खर्च आणि शिल्लक

गाडीतील विजेचा व्यवहार घरखर्चासारखा आहे. अल्टरनेटर ही मिळकत, दिवे, पंखे, इग्निशन हा खर्च, आणि बॅटरी ही गाठीची शिल्लक. बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देणे एवढेच असते. इंजिन एकदा सुरू झाले की सगळा खर्च मिळकतीतून भागला पाहिजे आणि स्टार्टरने काढलेली रक्कमही परत भरली गेली पाहिजे. मिळकत कमी पडली तर फरक बॅटरीतून निघतो. हे लगेच जाणवत नाही, म्हणून फसगत होते. गाडी तासभर व्यवस्थित चालते आणि शिल्लक संपल्यावर अचानक बंद पडते.

इथे दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतील. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, आणि अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. नळाच्या पाण्याशी तुलना केली तर टाकी जितकी उंच तितका दाब जास्त, आणि नळातून मिनिटाला जितके पाणी येते तो प्रवाह. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणजेच प्रत्यक्ष काम करणारी शक्ती. गाडीला १२ व्होल्टची म्हणतात. पण पूर्ण भरलेल्या बॅटरीवर स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, आणि इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राखला जातो. पाणी वरून खाली वाहते, तसा प्रवाह जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, म्हणून चार्जिंगचा दाब बॅटरीपेक्षा थोडा वर ठेवावा लागतो.

डायनामो का कमी पडतो

सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो आठवून पाहा. सायकल वेगात असताना दिवा लख्ख, चढावर मंद, आणि थांबलो की अंधार. अल्टरनेटर येण्यापूर्वी मोटारींत वीज तयार करण्याचे काम डायनामोच करत असे, आणि त्याची अडचण याच जातीची होती. त्यात वीज निर्माण करणारी जड वेटोळी फिरत्या भागात असत आणि सगळा प्रवाह तांब्याच्या तुकड्यातुकड्यांच्या कॉम्युटेटरवरून कार्बन ब्रशमार्फत बाहेर काढावा लागे. इतका जड भाग फार वेगाने फिरवला तर वेटोळी सुटण्याची भीती असे, म्हणून डायनामोची पुली मोठी ठेवून त्याच्या फेऱ्या आवरत्या ठेवल्या जात. परिणामी इंजिन जागेवर मंद फिरत असताना, म्हणजे आयडलिंगला, डायनामोकडून जवळजवळ काहीच मिळत नसे. ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा लुकास सी ४० हा डायनामो पूर्ण वेगातही २२ अँपिअर, म्हणजे सुमारे ३०० वॉट देतो. त्या काळी मोकळ्या रस्त्यावर, दोन दिवे आणि एक वायपर चालवण्यास तेवढे पुरे होते.

अल्टरनेटरने ही मांडणीच उलटी केली. वीज निर्माण करणारी जड वेटोळी त्यात बाहेरच्या स्थिर कवचात बसवलेली असतात आणि आत फक्त एक विद्युतचुंबक फिरतो. या चुंबकाला दोन-चार अँपिअरच पुरतात आणि ते गुळगुळीत कड्यांवरून ब्रशमार्फत सहज पोचतात. फिरता भाग दणकट असल्यामुळे लहान पुली लावून तो इंजिनाच्या अडीच-तीनपट वेगाने फिरवता येतो, आणि म्हणूनच आयडलिंगलाही त्यातून उपयोगी प्रवाह मिळतो. आतून निघणारी वीज उलटसुलट दिशेची असते. तिला एका दिशेची करण्याचे काम डायोड करतात. डायोड म्हणजे विजेसाठीचे एकमार्गी दार. पुरेसे दणकट आणि परवडणारे सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावरच अल्टरनेटर सामान्य मोटारीत येऊ शकला. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मॉडेलपासून तो मोठ्या प्रमाणावर आणला. ब्रिटिश एमजीबीला तो १९६७ च्या अखेरीस, मार्क २ आवृत्तीत मिळाला.

सुरुवातीचे हे अल्टरनेटरही आजच्या मानाने लहानच होते. लुकास १६ एसीआर ३४ अँपिअर देत असे. तेव्हा ज्यांच्या गाडीत मुळातच अल्टरनेटर आहे, त्यांनाही पुढचे सगळे लागू पडते.

दोष खरोखर मिळकतीचा आहे का?

खरेदीपूर्वी एक मल्टिमीटर आणि दहा मिनिटे खर्च करावीत, असा माझा आग्रह आहे. इंजिन थोड्या चढ्या फेऱ्यांवर ठेवून हेडलाइट लावावेत आणि आधी बॅटरीच्या टोकांवर, मग हेडलाइटच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर जेमतेम १२ दिसले, तर मधले दीड व्होल्ट जुन्या स्विचमध्ये, गंजलेल्या जोडांत आणि बारीक वायरीत गळत आहेत, आणि जगातला सर्वांत मोठा अल्टरनेटर बसवूनही ती गळती थांबणार नाही. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो: दाब १० टक्क्यांनी उतरला की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. अशा गाडीत हेडलाइटसाठी रिले बसवणे हा योग्य उपाय आहे. रिले म्हणजे लहानशा प्रवाहाने चालणारा मोठा स्विच. जुना स्विच फक्त हुकूम देतो आणि दिव्याचा प्रवाह बॅटरीकडून जाड वायरीने थेट जातो.

याउलट, आयडलिंगला सगळे लावल्यावर बॅटरीवरच १२.३ किंवा त्याहून कमी दिसू लागले आणि फेऱ्या वाढवल्यावर आकडा १४ कडे गेला, तर मात्र मिळकत अपुरी आहे.

नक्की किती हवे, आणि कोणत्या वेगाला?

आता खर्चाची बेरीज करू. इग्निशनला सुमारे ४ अँपिअर, ५५ वॉटच्या दोन हेडलाइटना ८, मागचे आणि डॅशबोर्डचे लहान दिवे ३, वायपर ४, हवेचा ब्लोअर ६. इथेच २५ झाले, म्हणजे २२ अँपिअरचा डायनामो पूर्ण वेगातही तुटीत गेला. रेडिएटरला विजेचा पंखा बसवला असेल तर आणखी १५, आणि विजेचा इंधनपंप धरला तर एकूण आकडा ४५ च्या आसपास जातो. जुनी गाडी रोजच्या रहदारीत चालवण्यासाठी जे बदल केले जातात, त्यांत विजेचा पंखा बहुधा पहिला असतो, आणि तोच नेमका गाडी थांबलेली असताना, मिळकत सर्वांत कमी असताना सुरू होतो.

म्हणून अल्टरनेटरवर छापलेल्या आकड्याकडे सावधपणे पाहावे. ७० अँपिअर हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्या मारत असतानाचा असतो. समजा इंजिनाची पुली १५० मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची ६० ची आहे. मग इंजिनाच्या एका फेरीत अल्टरनेटरच्या अडीच होतात, आणि ७५० च्या आयडलिंगला अल्टरनेटर १८७५ फेऱ्यांनी फिरतो. या वेगाला अनेक अल्टरनेटर छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आतबाहेर देतात. शिवाय अंग तापले की मिळकत आणखी उतरते. वरच्या उदाहरणात आयडलिंगला ३० अँपिअर मिळाले तर १५ ची तूट बॅटरी भरून काढेल. अर्धा तास असा गेला की साडेसात अँपिअर-तास गेले. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा सहावा हिस्सा झाला.

यामुळे निवड करताना विक्रेत्याला 'किती अँपिअरचा?' याऐवजी 'आयडलिंगच्या फेऱ्यांवर, तापलेला असताना किती देतो?' असे विचारावे. चांगल्या अल्टरनेटरबरोबर वेग आणि प्रवाह यांचा आलेख मिळतो. काही ठिकाणी दोन आकडे तिरप्या रेघेने दिलेले असतात. त्यांतला लहान आकडा मंद फेऱ्यांचा असतो, आणि तोच आपल्या कामाचा. माझ्या मते, वरच्यासारख्या गाडीला ७० ते ९० अँपिअरचा, पण मंद फेऱ्यांवर चांगला चालणारा अल्टरनेटर पुष्कळ झाला. १५० अँपिअरचा घेऊन तो आयडलिंगला दुबळा निघाला, तर पैसे गेले आणि दिवे पिवळेच राहिले.

जास्त अँपिअरने बॅटरी उकळणार नाही का?

ही शंका सर्वांत जास्त विचारली जाते आणि ती रास्त आहे. पण अल्टरनेटरची क्षमता म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याची मर्यादा. तो तेवढे जबरदस्तीने ढकलत नाही. घरावरची टाकी मोठी केली म्हणून नळ जोरात येत नाही, फक्त सगळे नळ एकदम उघडले तरी पाणी पुरते. दिवा किंवा रेडिओ स्वतःला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. बॅटरी उकळते ती दाब वाढल्यामुळे, आणि दाब राखण्याचे काम रेग्युलेटर करतो. तो आतल्या विद्युतचुंबकाचा प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. रेग्युलेटर बिघडला तर ३४ अँपिअरचा अल्टरनेटरही बॅटरी उकळवील.

डायनामोबरोबर येणाऱ्या कंट्रोल बॉक्समध्ये कटआउट (बॅटरीतून उलटा येणारा प्रवाह तोडणारा स्विच) आणि अनेकदा प्रवाह रोखणारा वेगळा भागही असे. अल्टरनेटरला त्यांची गरज राहत नाही. प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढू लागला की त्याच्या वेटोळ्यांतील चुंबकत्वच त्याला आवर घालते, आणि बॅटरीतून उलटा येणारा प्रवाह डायोड अडवतात.

खरा धोका वायरीत आहे

वायर कितीही चांगली असली तरी ती प्रवाहाला थोडा विरोध करतेच, आणि त्या विरोधातून उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. जाडीचे माप ३ चौरस मिलिमीटर असलेली दोन मीटर तांब्याची वायर घ्या. ३० अँपिअरला तिच्यात सुमारे १० वॉट उष्णता होते, हाताला जेमतेम कोमट. त्याच वायरीतून ८० अँपिअर गेले की ही उष्णता ७० वॉटच्या पुढे जाते. कापडात गुंडाळलेल्या, वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या जुडग्यात ७० वॉट म्हणजे इन्सुलेशन वितळण्याची तयारी. याच अंतरासाठी १६ चौरस मिलिमीटरची केबल वापरली, तर ८० अँपिअरलाही उष्णता १४ वॉटच्या आसपास राहते आणि व्होल्टेज ०.२ हूनही कमी गळते.

यावर कोणी म्हणेल की माझा खर्च ३० अँपिअरच आहे, मग जुनी वायर का बदलायची? कारण बॅटरी हीदेखील खर्चाची बाब आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जोडणी देऊन इंजिन सुरू केले की ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढे ओढते. लहान डायनामोजवळ देण्यासारखे जास्त नव्हतेच. नव्या अल्टरनेटरजवळ आहे. वायर नेमकी याच दिवशी जळते.

म्हणून अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल टाकावी आणि तिच्यात अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा वरचा, पण केबलच्या क्षमतेच्या आतला फ्यूज बसवावा. हा फ्यूज बॅटरीच्या बाजूला हवा, कारण केबल घासून कुठे चिकटली तर आग लावण्याइतका प्रवाह बॅटरीकडूनच येतो.

परतीचा रस्ताही तितकाच महत्त्वाचा आहे. जितके अँपिअर जातात तितकेच परत यावे लागतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन ते बॉडी अशी अर्थची पट्टी हाच तिचा मार्ग. ती पट्टी कुजली किंवा रंगावरच आवळली असेल, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो, अगदी चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेचीसुद्धा. अशी तार तापून आपल्याच आवरणात चिकटू शकते.

अँमीटर: डॅशबोर्डमागचा नाजूक दुवा

अनेक जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरील अँमीटरमधून फिरून बॅटरीकडे जातो. काट्याची पट्टी दोन्हीकडे ३० पर्यंत असेल, तर तो अँमीटर आणि त्याच्या मागचे दोन नट त्याच हिशेबाचे आहेत असे समजावे. मी एका गाडीचा डॅशबोर्ड उतरवल्यावर जवळून पाहिले, तेव्हा डाव्या नटाभोवतीची पाती तपकिरी झाली होती, वायरीचे लाल प्लास्टिक बोटभर लांबीपर्यंत भाजल्यासारखे कडक झाले होते आणि मागचा पुठ्ठा काळवंडला होता. मालकाला समोरून फक्त एवढेच दिसत होते की काटा अधूनमधून थरथरतो. कारण साधे होते: नट जरा ढिला होता आणि प्रवाह वाढला होता.

मोठा अल्टरनेटर बसवताना अँमीटर या मार्गातून काढावा आणि त्याच्या जागी व्होल्टमीटर लावावा. जुन्या अँमीटरच्याच घरात, जुन्या तबकडीसकट व्होल्टमीटरचे यंत्र बसवून घेता येते. व्होल्टमीटर जास्त उपयोगीही आहे. काटा १४ जवळ असेल तर मिळकत खर्चाला पुरते आहे.

बेल्ट आणि इंजिनाची ताकद

अल्टरनेटर फुकट वीज देत नाही. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४०० वॉट, आणि अल्टरनेटरमध्ये निम्म्याच्या आसपास शक्ती उष्णतेत जाते असे धरले, तर इंजिनाकडून साडेतीन-पावणेचार अश्वशक्ती घेतली जाते. मात्र हे पूर्ण भाराला. खर्च ४५ अँपिअर असेल तर दीड-पावणेदोन अश्वशक्तीच लागते, मग अल्टरनेटर ७० चा असो की १५० चा. इंजिन मंदावेल ही भीती त्यामुळे बाळगू नये.

काळजी करायची ती बेल्टची. जुन्या गाड्यांतला एकच अरुंद व्ही-बेल्ट साधारण ६० ते ७० अँपिअरपर्यंत विश्वासाने ओढतो. त्यापुढे तो घसरू लागतो, किंचाळतो आणि चकाकी येऊन निकामी होतो. अनेकजण मग बेल्ट करकचून आवळतात. तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवत असतो, आणि त्या ताणाने पहिले बळी जाते ते पंपाचे बेअरिंग. अल्टरनेटर आणि इंजिन यांच्या पुली एका रेषेत आहेत की नाही, हे सरळ पट्टी लावून पाहावे. दोन-तीन मिलिमीटरची तिरकसही बेल्टची कड खाते. पुली आणखी लहान करून आयडलिंगची मिळकत वाढवता येते, पण लहान पुलीला बेल्टचा वेढा कमी बसतो आणि तो लवकर घसरतो.

तो लहानसा लाल दिवा

चार्जिंगचा लाल दिवा केवळ सूचनेसाठी नसतो. बहुतेक अल्टरनेटरमध्ये त्याच दिव्यातून येणारा अल्प प्रवाह विद्युतचुंबकाला पहिली चेतना देतो. दिवा उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा फेऱ्या बऱ्याच चढवल्यावर होतो. जुना बल्ब काढून तिथे एलईडी लावला तरी हेच घडते, कारण एलईडीतून पुरेसा प्रवाह जात नाही. याच्या उलट टोकाची अडचणही येते: ही वायर चुकीच्या ठिकाणी जोडली तर किल्ली बंद केल्यावरही अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवत राहतो आणि इंजिन बंदच होत नाही. त्या वायरीत एक डायोड घातला की हा प्रश्न सुटतो. एकाच वायरीवर चालणारे अल्टरनेटर जोडायला सोपे असतात, पण तेही फेऱ्या वाढेपर्यंत जागे होत नाहीत, आणि दाब स्वतःच्याच टोकावर मोजत असल्यामुळे वायरीत गळणारे व्होल्टेज त्यांना कळत नाही.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्या

अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. बहुतेक अल्टरनेटर ऋण अर्थसाठी असतात, आणि बॅटरी उलटी जोडली गेली तर डायोड क्षणात जळतात. अर्थ बदलताना इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात आणि जुना रेडिओ व इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारे मीटर) यांचीही स्वतंत्र सोय पाहावी लागते. ६ व्होल्टच्या गाडीला मात्र आधी बल्बपासून ब्लोअरपर्यंत सगळे १२ वर आणावे लागते. ते वेगळेच काम आहे.

मूळपण जाणार नाही का?

जाते, पण परत आणता येते. नवे छिद्र न पाडता, जुनी वायर न कापता, फक्त टोके झाकून बाजूला बांधून काम केले आणि काढलेला डायनामो व कंट्रोल बॉक्स जपून ठेवला, तर पुढचा मालक एका दिवसात गाडी पूर्ववत करू शकतो. डायनामोच्याच आकाराच्या कवचात बसवलेले अल्टरनेटरही मिळतात. मला स्वतःला रात्रीच्या पावसात दिसणारी गाडी अधिक मोलाची वाटते, पण प्रदर्शनापुरती बाहेर पडणाऱ्या गाडीला हा बदल करू नये हे म्हणणेही मला पटते.

बसवल्यानंतरची मोजणी

इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला हेडलाइट, ब्लोअर आणि पंखा लावून बॅटरीवर मोजावे. १३ च्या वर आकडा टिकला तर मिळकत खर्चाला पुरते आहे. त्याच भारावर, फेऱ्या थोड्या चढवून, मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मुख्य टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जोड किंवा केबल कमी पडत आहे. तसेच अल्टरनेटरचे कवच आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजून अर्थ तपासावी, तिथे ०.२ च्या आत आकडा हवा.

एक जुनी सवय मात्र सोडावी लागेल. डायनामोच्या काळात चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून पाहत. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना असे केले, तर व्होल्टेज क्षणभर ८० च्याही पुढे उसळू शकते आणि डायोड, रेग्युलेटर, रेडिओ एकदम जातात.

नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा सैलावतो, म्हणून आठवडाभराने तो पुन्हा ताणावा. त्याच वेळी, दिवे लावून केलेल्या फेरीनंतर इंजिन बंद करून केबलच्या दोन्ही टोकांचे लग (नटाखाली आवळायची धातूची कडी) हाताने चाचपावेत. एक टोक दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर तिथला नट ढिला आहे किंवा क्रिम्प, म्हणजे लग वायरीवर दाबून केलेला जोड, कच्चा आहे.